तांदूळ घरून आणा
(मंडळाच्या पूर्वतयारीच्या सभेतील भाषण)



आम्ही सरकारी खात्यात विजेची कामं करणारे डिप्लोमावाले. कलेवर बोलायला उभं केलंत, चुकभूल सांभाळून घ्या.

बेळगावकरांना सौंदत्ती नवीन नाही. पौष-माघाच्या पुनवेला यल्लम्माच्या डोंगरावर चौंडकं घुमतं. काखेत धरून तार ताणली की सूर चढतो. पुरुषाच्या देहात जन्मलेले, पण देवीच्या नावानं साडी नेसलेले जोगते गातात, नाचतात. दारात परडी आली की आई धान्य घालते, आजी पीठ-मीठ आणते, पोरं ‘उदो’ म्हणतात. तिथं नुसता बघ्या कुणी नसतो.

देवीला सोडण्याच्या नावाखाली मुलींचं जे झालं, त्याची बाजू आम्ही घेत नाही. १९८२ चा कायदा हवाच होता.

बळ्ळारी जिल्ह्यातल्या मंजम्मा जोगती २०१९ मध्ये कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये पद्मश्री घ्यायला गेल्या, तेव्हा राष्ट्रपतींसमोर पदर धरून त्यांनी दृष्ट काढल्यासारखं केलं. तो व्हिडिओ आपल्या ग्रुपवर हात जोडून फिरला. त्याच वर्षी आमच्या सरकारी भरतीतही तृतीयपंथीयांसाठी एक टक्का जागा आल्या.

पण त्याच ग्रुपवर त्याआधी दोन वर्षं आणखी एक व्हिडिओ फिरला होता. आपल्या आरासीपुढे चौंडकं वाजवायला आलेल्या एका जोगत्याचा, खाली हसरे चेहरे. मोबाईल आमच्याच हातात होता. आम्ही तेव्हा ‘तो’ म्हणायचो. त्यानंतर त्या आपल्या गल्लीत आल्याच नाहीत.

यंदा आम्ही चौघे त्यांच्या घरी गेलो. माफी मागायला गेलो होतो, पण तोंडातून शब्द फुटेना. त्यांनीच चहा ठेवला. आम्ही म्हटलं, “अक्का, या वर्षी या. फोन सगळ्यांचे बंद ठेवू.”

त्या म्हणाल्या, “फोन कशाला बंद? काढू देत पोरांना. फक्त जो काढेल त्यानं आधी परडीत मूठभर तांदूळ घालायचे नि माझ्यासंगं उदो म्हणायचं. लांबून नाही काढायचं.”

तर गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला त्या येणार आहेत. माईकची वायर आम्ही ओढतो. तांदूळ मात्र ज्याचे त्यानं घरून आणायचे, मंडळ देणार नाही.