लोहकण : आशा आणि विवेक



लोह हे मानवी रक्ताचे बळ आहे. तेच लोह आज रोगनिदानासही साहाय्य करीत आहे.

मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर. काही नॅनोमीटर आकाराच्या लोह-ऑक्साईडच्या कणांवर शर्करावर्गीय पदार्थाचे आवरण चढवून ते शिरेतून देतात. यकृतातील निरोगी भाग हे कण शोषून एम.आर.आय. चित्रात काळसर दिसतो; कर्करोगाची गाठ ते शोषीत नाही, म्हणून उजळ उठून दिसते. अशा एका द्रव्यास अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. पुढे त्याचे उत्पादन थांबले. त्याच जातीचे फेरुमॉक्सिटॉल २००९ मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांतील रक्तक्षयावर मान्य झाले.

दुसरा उपयोग उपचाराचा. गाठीत कण सोडून बाहेरून वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र लावले की कण तापतात. सुमारे ४२ ते ४५ अंश सेल्सिअस उष्णतेने कर्कपेशी दुर्बल होतात. १९५७ मध्ये गिलख्रिस्ट व सहकाऱ्यांनी ही दिशा दाखविली. मेंदूतील गाठींसाठी युरोपात २०१० मध्ये अशा पद्धतीस मान्यता मिळाली. महाराष्ट्रात आय.आय.टी. मुंबईचे प्रा. धीरेंद्र बहादूर आणि कोल्हापूरचे प्रा. एस. एच. पवार यांनी यावर संशोधन केले.

तथापि प्रयोगशाळेतील आशा आणि रुग्णालयातील औषध यांत अंतर असते. सेलू, जिंतूर वा गंगाखेडच्या घरात कुणास गाठ जाणवली, तर नव्या शोधाची वाट पाहू नये, संकोचाने ती लपवूही नये. शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे आज उपलब्ध आहेत. वेळेवर केलेली तपासणी हाच आजचा खात्रीचा आधार होय.