पावलांची वर्गणी : बालकर्करोग संशोधन आणि जालना जिल्हा

जालना जिल्ह्याची निर्मिती 1 मे 1981 रोजी झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, 28 जून 1981 रोजी, कॅनडा देशात टेरी फॉक्स नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणाचे कर्करोगाने निधन झाले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि एका कृत्रिम पायावर 5,373 किलोमीटर धावून या तरुणाने जे कार्य उभे केले, त्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. आणि जालना जिल्ह्यातील कर्करोगग्रस्त मुलांचा रस्ताही बहुधा मुंबईकडेच जातो. म्हणून शिक्षकांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी हे कार्य समजून घेणे अगत्याचे आहे.

टेरी हा बास्केटबॉल खेळणारा मुलगा. 1976 च्या अखेरीस त्याचा उजवा गुडघा दुखू लागला. खेळाचा हंगाम संपेपर्यंत त्याने ते दुखणे अंगावर काढले. मार्च 1977 मध्ये हाडाच्या कर्करोगाचे निदान झाले आणि गुडघ्याच्या वर पंधरा सेंटिमीटरवर पाय कापावा लागला. त्या वेळी तो अठरा वर्षांचा होता. वाचण्याची शक्यता शेकडा 50 आहे, असे त्याला डॉक्टरांनी सांगितले. दोनच वर्षांपूर्वी हेच प्रमाण शेकडा 15 होते, असेही त्याला कळले. मधल्या काळात रोग बदलला नव्हता. औषधोपचाराचे ज्ञान वाढले होते. रुग्णालयात शेजारच्या खाटांवरील लहान मुलांच्या यातना तो रोज पाहत होता. संशोधनासाठी पैसा उभा करण्याचा त्याचा निश्चय या अनुभवातून झाला.

12 एप्रिल 1980 रोजी अटलांटिक महासागरात आपला कृत्रिम पाय बुडवून त्याने धावण्यास प्रारंभ केला. दररोज सुमारे 42 किलोमीटर, 143 दिवस. सोबत एक मित्र गाडी घेऊन. आरंभी हिमवर्षाव, बोचरे वारे आणि तुरळक वर्गणी असा क्रम होता. पुढे पोर्ट ओ बास्क नावाचे दहा हजार वस्तीचे एक लहानसे गाव लागले. त्या गावाने दहा हजार डॉलर जमा केले, म्हणजे माणशी एक डॉलर. प्रत्येक देशवासीयाने एक डॉलर द्यावा, ही टेरीची पुढील मागणी या गावाने आधीच पूर्ण केली होती. कोणत्याही कंपनीची जाहिरात अंगावर मिरविण्यास त्याने ठाम नकार दिला. 1 सप्टेंबर 1980 रोजी थंडर बे शहराजवळ छातीत कळ येऊन तो थांबला. रोग फुप्फुसांत पसरला होता. पश्चिमेचा समुद्र त्याला दिसला नाही. मात्र 1 फेब्रुवारी 1981 पर्यंत निधी 2 कोटी 41 लाख डॉलरवर गेला होता आणि त्या देशाची लोकसंख्या त्या वेळी सुमारे 2 कोटी 40 लाख होती. पुढे वयाच्या बाराव्या वर्षी कर्करोगाने पाय गमावलेल्या स्टीव्ह फोनियो या तरुणाने 1984-85 मध्ये समुद्र ते समुद्र हा मार्ग पुरा केला.

सप्टेंबर 1981 पासून टेरीच्या नावाने दरवर्षी दौड होऊ लागली. ती शर्यत नव्हे. तीत क्रमांक नाहीत, बक्षिसे नाहीत. धावावे, चालावे, सायकलवरून जावे. ही दौड अनेक देशांत पोहोचली. मुंबईतही ती झाली आणि तिचा निधी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधनास देण्यात आला.

येथे एक शंका स्वाभाविकपणे उपस्थित होते. गावात एखादे मूल आजारी पडले की ग्रामस्थ वर्गणी काढतात, आणि ते योग्यच आहे. पण संशोधनाला पैसे कशासाठी? जे मूल अद्याप आजारीच पडलेले नाही, त्याच्यासाठी वर्गणी मागणे अवघड असते, हे खरे. याचे उत्तर रक्ताच्या कर्करोगाच्या इतिहासात सापडते. मुलांमध्ये अधिक आढळणाऱ्या तीव्र प्रकारात आपल्या देशात 1984 पूर्वी शंभरांतील वीस मुलेही धड वाचत नसत. त्या वर्षी टाटा स्मारक रुग्णालयात अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने ‘एमसीपी-841’ नावाची उपचारपद्धती सुरू झाली. आपल्याकडील रुग्णालयांना झेपेल, अशा बेताने ती आखलेली होती. तिने हे प्रमाण शेकडा 45 ते 60 पर्यंत नेले. या रोगावरील एक प्रमुख औषध, व्हिन्क्रिस्टीन, सदाफुलीपासून मिळते. सदाफुली जालन्यात दारोदारी व शाळांच्या आवारात फुलते. परंतु तिच्यातील औषध कोणीतरी शोधून काढावे लागले. सदाफुलीचा काढा पाजून हा रोग बरा होत नाही, उलट अपाय होतो, हेही येथेच सांगितलेले बरे.

संपन्न देशांत आज शंभरांतील ऐंशीहून अधिक मुले बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये सर्व देशांसाठी 2030 पर्यंत किमान शेकडा 60 हे उद्दिष्ट ठेवले. जालन्याच्या मुलाला हा टप्पा गाठण्यासाठी स्वतःच एक दीर्घ प्रवास करावा लागतो. मुंबई रेल्वेने चारशे किलोमीटरहून दूर. रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो, आणि तितका काळ आईबापांनी ये-जा करायची असते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने अशा कितीतरी कुटुंबांना आसरा दिला आहे. 2012 पासून छत्रपती संभाजीनगर येथे, सुमारे साठ किलोमीटरवर, शासकीय कर्करोग रुग्णालय झाल्याने अंतर काही अंशी घटले. तरीही उपचार अर्ध्यावर सुटण्याचा धोका उरतोच. घनसावंगी, अंबड, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीसाठी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घर सोडतात. मूल बरे दिसू लागलेले असते, उचल घेतलेली असते, आणि औषधाची तारीख मागे पडते. अशा कुटुंबाला गावातच हंगामभर काम मिळेल, हे ग्रामपंचायतीने पाहिले तर एका मुलाचा उपचार पुरा होईल.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णास रेल्वेच्या शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण, तर सोबत्यास 75 टक्के सवलत मिळते. रुग्णालयाचे प्रमाणपत्र मात्र जवळ हवे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत तपासणीस येतात. परंतु पथक वर्षातून एकदोनदा येते, शिक्षक रोज वर्गात असतात. न उतरणारा ताप, वाढता फिकेपणा, हिरड्यांतून रक्त, मानेत वा पोटात गाठ, डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक, सकाळी डोके दुखून उलटी, यांतील काहीही दिसल्यास मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. कबड्डी खेळणाऱ्या मुलाचा गुडघा आठवड्यांमागून आठवडे दुखत व सुजत असेल, तर तो केवळ मुका मार समजून तेल चोळत बसू नये.

परत आलेल्या मुलाचा प्रश्न वेगळाच असतो. औषधांमुळे केस गेलेले असतात. मुले चिडवितात, रोग लागेल या भीतीने काही पालक आपले मूल त्याच्या शेजारी बसू देत नाहीत. कर्करोग स्पर्शाने वा सहवासाने होत नाही, हे वर्गात व ग्रामसभेत सांगण्यास कोणत्याही निधीची तरतूद लागत नाही. केस औषध थांबल्यावर पुन्हा येतात. टेरी फॉक्सच्या जगभर परिचित असलेल्या छायाचित्रातील दाट कुरळे केस उपचारानंतर नव्याने उगवलेले आहेत. आजारापूर्वी ते सरळ होते.