जुनी बुलेट घाटात का दमते?



मद्रासला 1955 साली एन्फील्ड इंडिया निघाली. तिथल्या जुन्या, पॉइंटवाल्या बुलेट आपल्या धाराशिव जिल्ह्यात अजून जपलेल्या दिसतात. सोलापूरकडून तुळजापूरचा घाट चढताना ही गाडी धापा टाकू लागली, की मालक म्हणतो, इंजिनच खोलू. अहो, जरा थांबा!

मीही अशीच घाई केली होती. मागे मंडळी बसलेली, आणि ऐन घाटात गाडी ओढीना. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून पोकळ सायलेन्सर चढवला. आवाज वाढला, घाट होता तिथेच राहिला! पैसे गेलेच, शिवाय 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सायलेन्सर आवाज दाबणाराच लागतो, हे मागाहून कळले.

दोष पॉइंटमध्ये होता. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते. टाच झिजली की फट कमी होते, आणि पॉइंट उशिरा उघडतो. ठिणगी उशिरा पडते, तोवर दट्ट्या खाली निघालेला असतो. मग चाकाला जोर कमी आणि सायलेन्सरला ताप जास्त. म्हणून पॉइंट साफ करून फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवावी, आणि त्यानंतरच टायमिंग लावावे. आधी टायमिंग लावाल, तर फट बदलताच ते पुन्हा बिघडेल.

पॉइंट केव्हा उघडतो, हे अ‍ॅमीटर सांगतो. चावी चालू करा, डीकॉम्प्रेसर दाबून किक हाताने हळू खाली न्या. काटा उणेकडून मध्यावर आला, की पॉइंट उघडला. चावी फार वेळ चालू ठेवू नका, कॉइल तापते. गुरुजींनी मोठ्या मुलांना हे जरूर दाखवावे. विजेचे मंडल फळ्यापेक्षा इथे लवकर कळते.

टॅपेट थंड इंजिनावर पाहावेत. पुशरॉड बोटांनी फिरावा, पण वरखाली हलू नये. एअर फिल्टर मात्र काढून फेकू नका. उन्हाळ्यातली आपली धूळ रिंगा खाते.

आणि ब्रेक! स्टँडवर चाक मोकळे फिरत नसेल, तर इंजिन ब्रेकशीच झुंजत असते. पण सैल करताना उतार विसरू नका. चढलेला घाट परत उतरायचाही असतो.

माझी गाडी आता तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढते. चौथ्यात चढत नाही. अठरा अश्वशक्तीच्या जुन्या इंजिनाकडून मी तशी अपेक्षाही करीत नाही.