दिल्लीवर चालून आलेली पाच लष्करं

गालिब म्हटलं की आपल्याला गझल आठवते. आज मी त्याच्या पत्रांविषयी बोलणार आहे.

१८५७ साली मिर्झा गालिब साठीला टेकला होता. सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि शहर रिकामं केलं. हा मात्र बल्लीमारानमध्येच राहिला, कारण शेजारच्या हकिमांसाठी पतियाळाच्या महाराजांनी गल्लीवर पहारा बसवला होता. ऑक्टोबरात त्याचा भाऊ यूसुफ गेला. पेन्शन बंद पडलं, ते सुरू व्हायला १८६० उजाडलं.

या दिवसांवर त्याने फारसीत 'दस्तंबू' लिहिलं. १८५८मध्ये ते छापून निघालं, इंग्रज साहेबांच्या नजरेखालून जावं म्हणूनच. त्यामुळे तिथला शब्द न् शब्द तोलूनमापून आलेला. खरा गालिब शोधायचा तर तो उर्दू पत्रांत. तिथेही भीती आहेच. तपशील लिहायला मन धजत नाही, असं तो डिसेंबर १८५७मध्ये शिष्य हरगोपाल तफ्ता यांना कळवतो. मग सांगणार कसं? तो म्हणतो, आपण मित्र होतो तो एक जन्म होता. तो संपला, आता दुसरा मिळालाय. शहराचं नाव तेच, मोहल्लाही तोच, पण मागल्या जन्मातलं कुणी भेटत नाही.

मुसलमान कवीने पुनर्जन्माची भाषा करावी, याचं काहींना नवल वाटतं. मला वाटत नाही. तफ्ता हिंदू होते. मित्राला दुःख सांगताना त्याच्या घरातला शब्द आपसूक तोंडी येतो. शिवाय कुणाला फाशी दिलं, कुणी लुटलं, हे लिहिण्याची सोय नव्हती. 'जनम' या एका शब्दात ते सगळं मावलं.

१ नोव्हेंबर १८५८ला राणीचा जाहीरनामा निघाला. कागदोपत्री शांतता झाली. आणि १८६०च्या सुमारास गालिब एका स्नेह्याला लिहितो, की या शहरावर पाच लष्करं चालून आली. पहिलं बंडवाल्यांचं, दुसरं खाकीवाल्यांचं. (इंग्रजांचं नाव न घेता नुसता गणवेशाचा रंग!) तिसरं दुष्काळाचं, चौथं पटकीचं, पाचवं तापाचं. पहिल्याने शहराची पत लुटली. दुसऱ्याने तर जीव, घरदार, अब्रू, काहीच ठेवलं नाही.

त्याचे मूळ शब्द 'लश्कर' आणि 'तप'. आपल्याकडे लष्कर आणि ताप. मराठीत वाचताना मला ही यादी परकी वाटतच नाही. युद्ध संपलं, असं सरकार म्हणत होतं. गालिबच्या हिशेबी दुष्काळ आणि रोगराई हीसुद्धा त्याच फौजेच्या मागून आलेली पलटण होती. पाचव्या लष्कराने अजून मुक्काम हलवलेला नाही, असंही तो लिहितो.

आणि लगेच घरची खबर. मोठा मुलगा आणि घरचा कारभारी, दोघंही तापाने पडलेत. अल्ला त्यांना लवकर बरं करो.