तिवराच्या पानावरचं मीठ

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी माझ्याकडे काही पालक येतात. मुलाचं किंवा मुलीचं मेडिकल हुकलेलं असतं. ‘आता बायॉलॉजी घेऊन बी.एस्सी.ला घालतोय, पण पुढे काय?’ असं ते विचारतात. मूल शेजारी खाली मान घालून बसलेलं असतं. १९८२ साली मीही तशीच बसले होते.

माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. थोडक्या गुणांनी माझं मेडिकल हुकलं. रत्नागिरीचं कॉलेजही मुंबई विद्यापीठाचंच. पण शिकायचं तर मुंबईतच, असं वडिलांनी ठरवलं आणि मला लालबागला मामांकडे पाठवलं. पत्र्याची ट्रंक घेऊन मी एस.टी.तून उतरले, तेव्हा गिरणी संपाला पाच महिने होऊन गेले होते. मामा गिरणी कामगार. पगार बंद. मामी डबे करून घर चालवत होती. एका खोलीत आधीच पाच माणसं, त्यात मी सहावी. मामी कधी एका शब्दानं बोलली नाही. पण माझ्या पानात पडलेली पोळी म्हणजे विकायची एक पोळी कमी, हे मला कळत होतं.

विद्यापीठ १८५७ सालचं, केवढं तरी मोठं. आम्हा मुलांना ते दिसायचं दोनच ठिकाणी: फोर्टातल्या राजाबाई टॉवरच्या रूपानं आणि हॉल तिकिटावरच्या क्रमांकात. कॉलेजात एका वर्गात शंभरावर मुलं. बारावीपर्यंत पुस्तकं इंग्रजीत असली, तरी सर समजावून सांगायचे मराठीत. इथे सगळंच इंग्रजीत, आणि तेही भरभर. प्रॅक्टिकलला माझा हात बरा होता. मेणाच्या ट्रेमध्ये झुरळाची मज्जासंस्था न तोडता मोकळी करायला मला जमायचं. (ही विच्छेदनं आता राहिली नाहीत. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं ती बंद करायला सांगितली, आणि ते योग्यच झालं.) पण थिअरीच्या तासाला मी फक्त शब्द उतरवून घेत असे. ‘मॅन्ग्रोव्ह’, ‘न्यूमॅटोफोर’, ‘व्हिविपॅरी’. स्पेलिंग बरोबर, अर्थ कोरा.

सहामाहीत मी नापास झाले. त्याच आठवड्यात वडिलांचं आंतरदेशीय पत्र आलं. शेवटची ओळ होती, ‘हे शिकून तू नक्की काय होणार, ते सविस्तर कळव.’ मला उत्तर देता येईना. दिवाळीला गावी जायचं आणि परत यायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

दिवाळीआधी आमची सहल निघाली, ठाण्याच्या खाडीवर. ओहोटीची वेळ होती. सर म्हणाले, ‘हेच ते मॅन्ग्रोव्ह.’ मी बघतच राहिले. अहो, ही तर आमची तिवरं! चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली ही मुळं लहानपणी माझ्या तळपायांना किती वेळा टोचली होती! शेवग्याच्या शेंगांसारखी लोंबणारी कांदळाची रोपं आम्ही खेळायला तोडायचो. बी झाडावरच रुजतं, त्यालाच ‘व्हिविपॅरी’ म्हणतात, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

सरांनी तिवराचं पान चाटायला सांगितलं. मुलं हसली. मी हसले नाही, कारण ते खारट लागणार हे मला माहीत होतं. जादा मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकतं. मग सरांनी विचारलं, ‘मुळं जमिनीतून वर का येतात?’ कुणी बोलेना. माझ्या तोंडून मराठीतच निघून गेलं, ‘सर, चिखलात श्वास कोंडतो म्हणून.’

क्षणभर शांतता. सर म्हणाले, ‘परत सांग, मोठ्यानं. आणि बाकीच्यांनी लिहून घ्या.’ खाडीच्या गाळात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. ही मुळं हवेतून तो घेतात. माझं वाक्य शास्त्राच्या दृष्टीनं बरोबर होतं.

दिवाळीला मी गावी गेले. वडिलांना खाडीवर नेऊन हे सगळं सांगितलं. आमची भातशेती खाजणातली. समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बांधापुढची तिवरं दरवर्षी सरपणाला तोडली जात. मी म्हटलं, ‘बाबा, ही झाडं गाळ धरून ठेवतात, लाटेचा जोर मोडतात. ती गेली तर बांध उघडा पडेल.’ वडील काहीच बोलले नाहीत. सुट्टी संपल्यावर मात्र त्यांनी मला एस.टी.त बसवून दिलं.

मी बी.एस्सी. झाले आणि पुढे सांताक्रूझच्या विद्यानगरीत खाडीतल्या खेकड्यांवर काम केलं. खेकड्यांच्या बिळांतून गाळात हवा खेळते, हे मी तिथे मोजायला शिकले. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नदीकाठची तिवरं कुठे गेली, असं सारी मुंबई विचारू लागली. त्याच वर्षी उच्च न्यायालयानं राज्यभर तिवरांच्या तोडीला बंदी घातली.

मामांची गिरणी मात्र पुन्हा सुरू झाली नाही. मामीच्या डब्यांवरच माझी पहिली दोन वर्षं निघाली. ते ऋण फिटणारं नाही.

पालकांना मी सांगते, मुलाला ‘काय होणार’ हे पहिल्याच वर्षी विचारू नका. आणि मुलांना सांगते, वहीत इंग्रजी शब्द लिहिलात की शेजारी त्याचं घरचं नाव लिहा. सापडत नसेल तर कोळणीला विचारा, आजीला विचारा.

वडिलांच्या प्रश्नाला मी कधीच सविस्तर उत्तर लिहिलं नाही. पण दुसऱ्या वर्षी त्यांचं पत्र आलं. घरची खुशाली, भाताचा भाव, आणि खाली एक ओळ: ‘यंदा बांधापुढची तिवरं कुणाला तोडू दिली नाहीत.’