पत देशाची, झळ शेताची

आमच्या यवतमाळच्या कापूसपट्ट्यात ‘पत’ म्हणजे काय, हे कुणाला शिकवावे लागत नाही. पीक हातचे जाणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी सावकार व्याज चढवतो. देशाचेही तसेच. पतमापन संस्था देशाला श्रेणी देतात. ती पुढे चढेल की उतरेल, याचा अंदाजही वर्तवतात. अंदाज नकारात्मक झाला, की परकी गुंतवणूकदार हात आखडतात, रुपयावर ताण येतो.

१९९१ साली पत इतकी खालावली, की सुमारे ४७ टन सोने परदेशात गहाण पडले, रुपयाचे अवमूल्यन झाले. रुपया घसरला, की आयातीचे पोटॅश महागते. निर्यातीच्या कापसाला चार पैसे जास्त मिळतातही. पण खताचा खर्च आधी, कापसाचा पैसा नंतर.

‘एस अँड पी’ने मे २०२४ मध्ये भारताविषयीचा अंदाज सकारात्मक केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये श्रेणी वाढवली, १८ वर्षांनी प्रथमच. त्यामुळे सरकारला, कंपन्यांना कर्ज स्वस्त मिळू शकते. पण थकबाकीदार शेतकऱ्याला बँक दारातच उभे करत नसेल, तर त्याला काय? देशाची पत घसरल्याची झळ शेतापर्यंत आपोआप पोचते. सुधारल्याचा लाभ मात्र पोचवावा लागतो, असे मला वाटते.