काचेतल्या बाळाचा व्यवसाय
(अनुवादिकेने म्हैसूर येथे मराठी वाचकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अनुवादकाला व्याख्यानासाठी पाचारण करण्याची प्रथा आपल्याकडे फारशी नाही. ग्रंथकर्ती दूरदेशी आहे आणि अनुवादिका याच शहरात राहते, एवढ्याच कारणाने मी आपल्यापुढे उभी आहे. माझा अभ्यास मराठी भाषेचा, वैद्यकाचा नव्हे. तेव्हा मी जे सांगेन ते शब्दांच्या वाटेने आलेले असेल.

रुग्णालयात ठेवाव्या लागणाऱ्या नवजात बालकांवर व्यवसायोपचार करणाऱ्या एका स्त्रीच्या अनुभवांचे हे पुस्तक हाती घेतले आणि पहिल्याच शब्दाशी मी अडले. व्यवसाय म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दुकान, वकिली, निदान शिवणयंत्र तरी उभे राहते. ज्याचे वजन सव्वा किलो, ज्याचे अद्याप बारसेही झालेले नाही, त्या जीवाचा व्यवसाय तो कोणता?

या शास्त्राचा आपल्या देशातील आरंभ महाराष्ट्रातच झाला. जन्माने अमेरिकन, विवाहाने निंबकरांच्या घरी आलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय काढले. १९५२ साली या विषयाचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारताचे नाव होते. माणसाचा दिवस ज्या ज्या कामांनी भरलेला असतो ते सारे त्याचे व्यवसाय, अशी या शास्त्राची मूळ धारणा आहे. वेणी घालणे, भाकरी मोडून खाणे, अंगरख्याची गुंडी लावणे, हे सर्व त्यात आले. हा अर्थ ध्यानात आल्यावर माझी अडचण सुटली. नवजात बालकालाही कामे असतातच: श्वास घेणे, झोपणे, दूध ओढणे, आणि आईला ओळखणे. पूर्ण दिवसांचे मूल ही कामे शिकून येते. अपुऱ्या दिवसांच्या मुलाला ती यंत्रांच्या गलबल्यात शिकावी लागतात.

आपल्याकडे अशा मुलाविषयी 'बाळाला काचेत ठेवले आहे' असे म्हणतात. हा शब्दप्रयोग मी अनुवादात मुद्दाम ठेवला आहे. गर्भाशयात मूल आकसून, चहूबाजूंनी टेकून असते. काचेत आल्यावर टेकायला काहीच उरत नाही. हातपाय पसरतात, आणि स्नायूंत बळ नसल्याने तसेच पडून राहतात. अशा वेळी उपचारतज्ज्ञ मऊ कापडाच्या गुंडाळ्या करून बाळाभोवती घरटे रचते. हात छातीशी, पाय पोटाशी, मूठ तोंडापर्यंत पोहोचेल अशा बेताने. दिव्यावर आच्छादन घालते. पेटीचे झरोके हळू लावायला सांगते, कारण बाहेर आपल्याला किरकोळ वाटणारा आवाज आत फार मोठा होतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९७ साली अशा विभागांतील आवाज ४५ डेसिबेलच्या आत असावा असे सुचविले होते. दोन माणसांचे साधे बोलणेदेखील याहून मोठे असते.

परंतु तिचे खरे काम याच्या पुढे आहे. बोटे फाकणे, जांभई, उचकी, नजर वळवणे, ओठांभोवतीचा रंग उतरणे, या सर्वांतून असे मूल बहुधा 'आता पुरे' असे सांगत असते. हे वाचायला ती आईबापांना शिकविते. आपल्या जातीची कारागीर मला तिथे भेटली, असे म्हटले तर आपण हसाल. पण अनुवाद तरी दुसरे काय करतो?

हे मी केवळ पुस्तकातून सांगत नाही. २०१४ च्या पावसाळ्यात माझी कन्या एकतिसाव्या आठवड्यात, याच शहरात जन्मली. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. आईने दिवसातून दोनदा, ठराविक वेळी यावे आणि काचेला हात लावू नये, असा तेथील नियम होता. वडिलांनी आणि आजीने व्हरांड्यात थांबावे. मला कन्नड बोलता येत नव्हते. भिंतीवरच्या फलकावर काय लिहिले आहे तेही कळत नव्हते. नऊ दिवस मी माझ्या मुलीकडे परक्याच्या मुलीसारखी पाहत होते.

दहाव्या दिवशी एक तरुण व्यवसायोपचारतज्ज्ञ आली. तिने माझे हात धुऊन घेतले, चोळून ऊबदार करायला लावले, आणि एक तळवा बाळाच्या डोक्यावर, दुसरा पावलांवर ठेवविला. थोपटायचे नाही, कुरवाळायचे नाही, नुसते ठेवायचे. काही मिनिटांत मुलीच्या फाकलेल्या बोटांची मूठ झाली. पुढे याच स्पर्शाचे प्रकरण अनुवादताना मी तीन दिवस एका परिच्छेदावर अडले होते, ते शब्द न सापडल्यामुळे नव्हे.

मग उघड्या छातीशी बाळ बांधून घेण्याचा परिपाठ सुरू झाला. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ च्या सुमारास काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत म्हणून डॉक्टर एडगर रे यांनी ही पद्धत काढली, हे मला पुष्कळ नंतर कळले. जन्मल्याबरोबर हा स्पर्श दिल्यास लहान वजनाच्या मुलांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासात आढळले. तिला 'कांगारू मातृसेवा' म्हणण्याची रीत आहे. मला हे नाव अपुरे वाटते, कारण माझ्या प्रकृतीमुळे चार दिवस हे काम मुलीच्या वडिलांनी केले. तो नियम त्या तज्ज्ञेने कोणाशी भांडून मोडविला, हे तिने मला कधी सांगितले नाही.

चोखणे, गिळणे आणि श्वास यांचा मेळ साधारणतः चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. तोवर नळी. तिसऱ्या आठवड्यात ती तज्ज्ञ चोचीचे एक लहानसे भांडे घेऊन आली आणि म्हणाली, "ओळले." मला शब्द कळला नाही. व्हरांड्यातून माझ्या सासूबाईंनी डोकावून पाहिले आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, "अगं, हे तर बोंडलं!" तीन आठवड्यांत त्या प्रथमच बोलल्या असाव्यात. तज्ज्ञेने त्यांना आत बोलावले. दूध ओतायचे नाही, चोच खालच्या ओठाला टेकवून थांबायचे, बाळ जीभ पुढे करील तेव्हाच भांडे किंचित कलते करायचे, हे तिने खुणांनी दाखविले. सासूबाईंना ते अर्धे ठाऊक होते. उरलेले अर्धे, म्हणजे थांबणे, त्या तिच्याकडून शिकल्या.

पुस्तकात या उपकरणासाठी एक लांबलचक इंग्रजी शब्द आहे. मी सर्वत्र 'बोंडले' असे लिहिले. मुद्रितशोधकांनी समासात प्रश्नचिन्ह काढून हा शब्द आता कोणाला कळेल काय, असे विचारले होते. मी तो तसाच ठेवला आहे. सासूबाईंचे बोंडले आमच्या फडताळात आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी अवश्य घरी यावे.